कोलोनोस्कोपी पूर्ण झाली म्हणता, मग सीकमचा फोटो दाखवा की

पाच स्टार देतोय ते रिपोर्टच्या दुसऱ्या पानासाठी. पार्किंगसाठी द्यायचे असते तर दोन पण दिले नसते.

सांगली-मिरज रोडला जी दवाखान्यांची रांग लागलीय त्यातलंच हे एक एंडोस्कोपी सेंटर. नाव टाकत नाही, कारण पुढं दुसऱ्या एका हॉस्पिटलबद्दल पण लिहायचंय आणि मला ना कुणाची जाहिरात करायची ना कुणाशी भांडण उकरून काढायचं. पण घरात कुणाला खालून दुर्बीण, म्हणजेच कोलोनोस्कोपी, सांगितली असेल तर हे सगळं वाचा, लांबलंय थोडं, पण कामाचं आहे.

तर झालं असं की आमच्या अण्णांना चालताना दम लागायला लागला. सत्तरीला आलेला माणूस, तासगावजवळ द्राक्षबाग, अजून रोज बागेत चक्कर मारल्याशिवाय जेवत नाही, आणि तोच माणूस बांधावर मध्येच बसायला लागला म्हटल्यावर रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली. फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या चालू केल्या आणि संडासाची तपासणी सांगितली, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त निघालं. डॉक्टर म्हणाले या वयात पुरुषमाणसाचं रक्त विनाकारण कमी होत नसतं, आतनं कुठंतरी झिरपतंय, दुर्बीण करून घ्या. मग ओळखीतल्या एकानं सांगितलेल्या हॉस्पिटलात नेलं, कोलोनोस्कोपी झाली, अर्ध्या पानाचा रिपोर्ट मिळाला, खाली लिहिलेलं की स्कोप सीकमपर्यंत गेला, सगळं नॉर्मल. आम्ही देवाला नारळ फोडला.

हिमोग्लोबिन काय वाढेना. शेवटी मिरजेत एका मोठ्या फिजिशियनना दाखवायला नेलं. मिरज म्हणजे १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी हॉस्पिटल काढलं तेव्हापासून दवाखान्यांचंच गाव, इकडं अथणी, रायबागपासून पेशंट येतात, त्यामुळं नंबर लागता लागता दुपार झाली. साहेबांनी तो रिपोर्ट घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, कागद खिडकीकडं धरला आणि विचारलं, "यात सीकमचा फोटो कुठला?"

मी म्हटलं, "साहेब, चार फोटो आहेत की."

"चार आहेत, पण चारही एकसारखेच दिसतायत. गुलाबी बोगदा. हा कुठलाही भाग असू शकतो. एकात तर शौचच आहे नुसतं."

"पण लिहिलंय ना वर, सीकमपर्यंत गेला म्हणून."

"लिहिलंय. गेले नसतील असं मी म्हणतच नाही. पण गेलेत हे या कागदावरनं मला दिसत नाही, आणि तुमच्या वडिलांचं रक्त कमी होतंय, त्यामुळं मला उजवीकडचा भाग बघितलाय याची खात्री पाहिजे."

अण्णा शेजारी बसलेले, ते एवढंच म्हणाले, "म्हंजी परत ते पानी प्यायचं व्हय?"

आता हा सीकम काय प्रकार आहे ते सांगतो, कारण सगळा खेळ त्याच्यावरच आहे. बारीक आतडं जिथं मोठ्या आतड्याला मिळतं, पोटात उजवीकडं खाली, अपेंडिक्स असतं तिथं, तो भाग म्हणजे सीकम. मोठ्या आतड्याची सुरुवातच ती. पण दुर्बीण खालून जाते, म्हणजे उलट दिशेनं, त्यामुळं दुर्बिणीसाठी ते शेवटचं टोक. डावीकडून वर, मग आडवं, मग उजवीकडून खाली, असा सगळा चकरा मारत प्रवास, साधारण दीड मीटरचं आतडं. आणि ज्यांचं रक्त गुपचूप कमी होतं त्यांच्यात उजव्या बाजूचा आजार असण्याची शंका जास्त, कारण तिथं शौच पातळ असतं, गाठ असली तरी लवकर अडत नाही, रक्त शौचात मिसळून जातं, दिसत नाही. म्हणजे जो भाग बघायला सगळ्यात अवघड तोच बघायला सगळ्यात गरजेचा.

माझा धंदा सबमर्सिबल पंपाचा आहे. जत, कवठे महांकाळकडं बोअरमध्ये कॅमेरा सोडतात ते रोजचं बघतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात फूट पळत असतात, दोनशे दहा फुटाला पाणी दिसलं की दिसलं, गिऱ्हाईकाला वाद घालायला जागाच नाही. मला वाटलेलं दुर्बिणीचं पण तसंच असणार, नळीवर सेंटीमीटरच्या खुणा असतातच की. असतात, पण त्यांचा उपयोग नाही. बोअर सरळ आहे, आतडं नाही. नळी डावीकडच्या वळणात वेटोळं करून बसली तर सव्वा मीटर आत घातली तरी टोक अजून मधल्या आडव्या भागातच असू शकतं, आणि सरळ गेली तर सत्तर-ऐंशी सेंटीमीटरमध्येच सीकम येतो. म्हणजे किती नळी आत गेली यावरनं कुठं पोचली ते कळत नाही. करणाऱ्याला मनापासून वाटू शकतं की पोचलो, आणि पोचलेलं नसतं. म्हणून खूण पटवायची ती तिथल्या जागेवरनंच.

आणि त्या खुणा ठरलेल्या आहेत. एक म्हणजे अपेंडिक्सचं तोंड, चंद्रकोरीसारखी बारीक फट असते, आणि तिच्या भोवती तीन घड्या येऊन मिळतात, मर्सिडीज गाडीच्या चिन्हाला असतात तशा तीन रेघा, डॉक्टर लोक पण त्याला मर्सिडीज साइनच म्हणतात. दुसरी खूण म्हणजे बारीक आतड्याची झडप, आयलिओसीकल व्हॉल्व्ह, जरा पिवळट, ओठासारखी फुगीर कड. या दोन्हीचे फोटो असले की पुष्कळ झालं. आणि त्या झडपेतनं नळी आणखी थोडी आत घालून बारीक आतड्याचं शेवटचं टोक दाखवलं तर विषयच संपला, कारण तिथं बारीक लव असते, ती मोठ्या आतड्यात कुठंच नसते. युरोपातल्या एंडोस्कोपीच्या संघटनेनं तर २००१ सालीच सांगून ठेवलंय की कोलोनोस्कोपीत ठराविक आठ जागांचे फोटो काढायचे, गुदाशयापासून सुरू करून अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत. म्हणजे हे काय आमच्या साहेबांच्या डोक्यातलं खूळ नव्हतं.

आधी पहिल्या हॉस्पिटलात परत गेलो, म्हटलं बाकीचे फोटो किंवा व्हिडिओ असेल तर द्या, परत कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास. काउंटरवरची मुलगी म्हणाली जे होतं ते दिलंय. आतनं एक जण आला, म्हणाला मशीनमध्ये सेव्ह होत नाही. आता डॉक्टरांच्या नियमावलीत, २००२ ची आहे ती मेडिकल कौन्सिलची, त्यात भरती झालेल्या पेशंटचे कागद ३ वर्षं ठेवायचे आणि पेशंटनं मागितले तर ७२ तासांत द्यायचे असं स्पष्ट लिहिलंय, तर दुर्बिणीचे फोटो का ठेवत नाहीत कुणास ठाऊक. मी वाद घातला नाही. जे काढलेच नाहीत ते मागून काय मिळणार. राग एकाच गोष्टीचा येतो, की त्या लोकांनी तपासणी कदाचित एकदम व्यवस्थित केली पण असेल, सीकमपर्यंत गेले पण असतील, आणि तरीही ते आज कुणालाच सांगता येत नाही, त्यांना स्वतःला पण नाही. नळीच्या मुठीवर बटण असतं, दाबलं की फोटो. तेवढं एक बटण दाबलं असतं तर आमचे पैसे, अण्णांची परत ती सगळी जुलाबाची रात्र, सगळं वाचलं असतं.

मग साहेबांनीच या सेंटरची चिठ्ठी दिली. इथनं पुढं खरा रिव्ह्यू.

फोन केला तेव्हाच फरक कळला. सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला, "बाबांना लोहाच्या गोळ्या चालू आहेत का?" म्हटलं आहेत. तर म्हणाल्या आठवडाभर आधी बंद करा, डॉक्टरांना मी सांगते, कारण लोहानं शौच काळं आणि चिकट होतं, आतड्याला धरून बसतं, कितीही धुतलं तरी निघत नाही. पहिल्या वेळेला हे आम्हाला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि त्या चारातल्या एका फोटोत काळं-काळं काय दिसत होतं ते तेव्हा उमगलं. रक्त पातळ करायची गोळी, शुगरची गोळी, आधीची ऑपरेशनं, अपेंडिक्स काढलंय का, सगळं विचारलं. अपेंडिक्सचं का विचारतात तर ते काढलं असलं तर आतनं तोंड वेगळं दिसतं, फोटो घेताना ध्यानात ठेवावं लागतं.

पथ्याचा कागद व्हॉट्सअपवर आला, मराठी आणि कन्नड दोन्हीत. आणि कागद इथल्या माणसानं इथल्या माणसासाठी लिहिलाय हे कळतं. नुसतं हाय फायबर टाळा असं नाही, तर बेदाणे नको, शेंगदाणे नको, भडंग नको, पेरू, टोमॅटो, मेथी नको, भाकरीऐवजी पांढरा भात आणि दही. आमच्या घरात बेदाण्याच्या पेट्या रचून ठेवलेल्या असतात, येता-जाता तोंडात टाकायची अण्णांची सवय, त्यामुळं ही ओळ मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. आदल्या दिवशी फक्त पातळ, नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, डाळीचं वरचं पाणी, पण कोकम सरबत नाही, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. हे असलं बारकं-बारकं लिहिलेलं असलं ना की माणसाचा विश्वास बसतो.

औषध तेच, पावडर दोन लिटर पाण्यात विरघळवून प्यायची, चव खारट-गोड अशी काहीतरी विचित्र, थंड करून प्यायलं तर जरा सुसह्य. पण पहिल्या ठिकाणी सगळं आदल्या संध्याकाळीच प्यायला लावलेलं, इथं अर्धं रात्री आणि अर्धं पहाटे. पहाटेच्या डोसाला अण्णांनी आम्हा सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण त्याचं कारण आहे, रात्रभरात बारीक आतड्यातनं खाली जे उतरतं ते नेमकं उजव्या बाजूला येऊन बसतं, पहाटेचा डोस ते धुऊन काढतो. शेवटी संडासाला पाणी एकदम पिवळसर, स्वच्छ व्हायला पाहिजे, त्याचा पण फोटो काढून पाठवा म्हणाले होते, आमच्या बायकोनं डोक्याला हात लावला, पण पाठवला मी. पाच मिनिटात सिस्टरचा मेसेज, "चालेल, या."

सेंटरमध्ये पोचल्यावर मात्र बोंब. गाडी लावायला जागा नाही, रस्त्यावर लावली तर पोलीस, शेवटी लांब एका मंगल कार्यालयाच्या बोळात लावली आणि उपाशी माणसाला उन्हात चालवत आणलं. आणि आत किती संडास? पुरुषांना एक, बायकांना एक! अहो, जुलाब घेऊन आलेली माणसं बसलीत सगळी, आणि एक संडास? हा विचार बांधकामाच्या वेळी कुणाच्याच डोक्यात आला नसेल का? एक आजोबा विजापूरकडचे, दारावर थापा मारत कन्नडमध्ये काय बोलत होते ते कन्नड न येणाऱ्यांना पण कळलं. दहाची वेळ दिलेली, नंबर लागायला बारा वाजले. यासाठी स्टार कापा म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

आत काय झालं ते मी बघितलेलं नाही, नातेवाइकांना बाहेरच थांबवतात. अण्णांना मागनं भोक असलेली ती कागदी चड्डी दिली, त्यांनी ती उलटी घातली, वॉर्डबॉय मामांनी सरळ करून दिली, हे मात्र दारातनं ऐकलं. गुंगीचं इंजेक्शन देतात, डाव्या कुशीवर झोपवतात. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात इथं, तो लवकर शोषला जातो म्हणून नंतर पोट कमी फुगतं. पहिल्या वेळेला अण्णा संध्याकाळपर्यंत पोट धरून होते, या वेळेला तासाभरात चहा-बिस्किट मागायला लागले.

अण्णा बाहेर आल्यावर दुर्बीण करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं, आणि आता येतोय तो दुसऱ्या पानाचा, म्हणजे फोटोंचा विषय.

स्क्रीनवर एकेक फोटो लावून पेनानं दाखवला. प्रत्येक फोटोच्या डाव्या बाजूला काळ्या पट्टीत अण्णांचं नाव, वय, तारीख आणि सेकंदासकट वेळ. हे नाव महत्त्वाचं बरं का, नुसता सीकमचा फोटो काय कुणाचाही चिकटवता येतो. पहिल्या हॉस्पिटलच्या फोटोंना ती पट्टीच कापून टाकलेली होती, कागदावर जागा बसावी म्हणून म्हणे. तर मॅडमनी दाखवलं, हे अपेंडिक्सचं तोंड, या तीन घड्या, ही झडप, आणि हे बारीक आतडं, बघा कशी लव आहे. मला, ज्याचं शिक्षण वायरमनच्या आयटीआयपर्यंत, मला सुद्धा कळलं की ही जागा वेगळी आहे. जुन्या कागदावरचे चार फोटो खिशात होते, शेजारी धरून बघितले, त्यात यातली एक पण खूण नव्हती.

मग मी एक आगाऊपणा केला, वेळा वाचल्या. सीकमच्या फोटोवर १२:२१ आणि गुदाशयाच्या शेवटच्या फोटोवर १२:३६. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "बरोबर बघताय, बघण्याचं काम परत येतानाच असतं." म्हणजे जाताना नुसतं पोचायचं, आणि नळी हळूहळू मागं घेत प्रत्येक घडीच्या मागं डोकावत यायचं. हे मागं येणं किमान ६ मिनिटांचं पाहिजे असं अमेरिकेतल्या संघटना सांगत होत्या, २०२४ साली त्यांनी ते ८ मिनिटं केलं. आणि ते हवेतनं आलेलं नाही, २००६ सालच्या एका अभ्यासात तिथल्या इलिनॉय राज्यातल्या १२ डॉक्टरांच्या हजारो कोलोनोस्कोप्या तपासल्या होत्या, ज्यांचा मागं यायचा सरासरी वेळ ६ मिनिटं किंवा जास्त त्यांना २८ टक्के पेशंटमध्ये गाठी सापडल्या, आणि घाई करणाऱ्यांना १२ टक्क्यांच्या आत. तेच गाव, तीच माणसं, फरक फक्त सवडीचा. अण्णांच्या पंधरा मिनिटांतला थोडा वेळ एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला उगवलेली बारीक गाठ, काढण्यात गेला, तो धरायचा नसतो, तरी पण भरपूर झाले.

म्हणजे फोटोवरची वेळ ही पण एक साक्षच आहे, आणि ती पट्टी कापली की ती साक्ष पण गेली.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर आणखी एक गोष्ट होती, आतडं किती स्वच्छ होतं त्याचे मार्क. बोस्टन स्कोर म्हणतात, उजवा, मधला, डावा अशा तीन भागांना प्रत्येकी ० ते ३, एकूण ९ पैकी, आणि प्रत्येक भागाला किमान २ तरी पाहिजेत. अण्णांना २, २, ३ असे ७. जुन्या रिपोर्टमध्ये एक शब्द होता, समाधानकारक. कुणाचं समाधान?

आता फोटोवर सगळा भार टाकू नका हे पण सांगतो, कारण मॅडमनीच सांगितलं. फोटोनं एवढंच सिद्ध होतं की नळी तिथं पोचली. नीट बघितलं का हे फोटोतनं अर्धंच कळतं. आणि कधीकधी तर खरंच पोचलेले असतात तरी फोटो बघून दुसऱ्या डॉक्टरची खात्री पटत नाही, अपेंडिक्सचं तोंड काहींचं इतकं सपाट असतं की साध्या घडीसारखं दिसतं, किंवा लाइटची तिरीप येते, किंवा पाणी साठलेलं असतं. त्यासाठी छोटा व्हिडिओ उत्तम, कॅमेरा फिरतो तशी सगळी जागा दिसते. इथं सीकमची छोटी क्लिप देतात, मागितली तर.

आणि समजा पोचलेच नाहीत तर? होतं तसं, काही आतडी फार वळणदार असतात, पोटाची जुनी ऑपरेशनं असली की आतडी चिकटलेली असतात, कधी पेशंटला सहन होत नाही. अमेरिकेच्याच २०१५ च्या निकषात १०० पैकी किमान ९० जणांत पोचलं पाहिजे असं होतं, आणि काही त्रास नसताना नुसत्या तपासणीसाठी आलेल्यांत ९५ जणांत, म्हणजे बाकीच्यांत नाही पोचलं तर तो काही गुन्हा नाही. पण मग तसं लिहा की, अमुक वळणापर्यंत गेलो, पुढं गेलो नाही, हा शेवटचा फोटो. मग पेशंटला परत करता येते, नाहीतर सीटी स्कॅनची कोलोनोग्राफी करून राहिलेला भाग बघता येतो. मी मॅडमना सरळ विचारलं, तुमचे राहतात का? म्हणाल्या, "राहतात की, आणि मी तसं लिहिते, पैसे घेतलेत म्हणून आतडं सरळ होत नाही." हे उत्तर मला फार आवडलं.

निकाल काय लागला ते विचाराल. उजव्या बाजूला एक छोटा पॉलिप, फासा टाकून तिथल्या तिथं काढला, काढायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो दोन्ही रिपोर्टवर. तपासणीत साधा अडेनोमा आला, म्हणजे आज कॅन्सर नाही, पण असल्या गाठीचा पुढं कधी होऊ शकतो, म्हणून काही वर्षांनी परत बघायला लागेल. पहिल्या वेळेला तो होता का, दिसला का, ते मी कुणावर ढकलत नाही, ढकलायला पुरावाच नाही. आणि रक्त कमी होण्याचं कारण वरच्या, म्हणजे तोंडातनं घालतात त्या दुर्बिणीत निघालं, जी पहिल्या वेळेला केलीच नव्हती! गुडघ्यासाठी अण्णा मेडिकलमधनं परस्पर गोळ्या आणून खात होते, जठरात जखमा झालेल्या. त्याचे पण फोटो आहेत, अण्णांना दाखवले तेव्हा कुठं गोळ्या बंद झाल्या, माझ्या सांगण्यानं झाल्या नसत्या.

"हे माज्या पोटातलं हाय?" असं तीनदा विचारलं त्यांनी, आणि तो कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला, आता गावात कुणी भेटलं की दाखवतात, पारावर बसून मर्सिडीजच्या तीन घड्या समजावून सांगतात. परवा एकानं जेवणाच्या पंगतीत बघायला मागितला, मग आईनं काढून घेतला.

बिलाचं म्हणाल तर वरची-खालची दोन्ही मिळून पहिल्या हॉस्पिटलपेक्षा जास्तच लागले, पॉलिप काढायचे वेगळे, लॅबचे वेगळे. पण आधी सांगून घेतात, नंतर वाढवत नाहीत. पावती पक्की देतात.

कुठंही करा, सांगलीत करा, साताऱ्यात करा, पुण्याला जा, पण नंबर लावायच्या आधी फोनवर विचारा की सीकमचे फोटो नाव आणि वेळेसकट देता का. समोरचा "म्हणजे?" म्हणाला तर दुसरीकडं फोन लावा. चिडला तर नक्कीच लावा. आणि रिपोर्ट हातात पडल्यावर तिथंच उभं राहून बघा, फोटोखाली नावं आहेत का, अपेंडिक्स आणि झडप आहे का, मागं यायचा वेळ आणि स्वच्छतेचे मार्क लिहिलेत का. घरी आल्यावर आठवलं तर मशीनमध्ये सेव्ह नाही हे उत्तर ठरलेलं.

या सेंटरला जाणार असाल तर शक्यतो सकाळचा पहिला नंबर घ्या, त्या एका संडासाची पाळी येत नाही. आणि पेनड्राइव्ह घरनं न्या, तिथला घेतला तर डबल लावतात.